गोठलेल्या जमिनीतला बेवड

‘बेवड’ हा शब्द शहरातल्या मंडळींपैकी किती जणांच्या कानावरून गेला असेल, कोण जाणे. शेतकऱ्याला मात्र तो समजावून सांगावा लागत नाही. आधीच्या पिकाने पुढच्या पिकासाठी जमिनीत जे काही मागे ठेवलेलं असतं, तो त्या पिकाचा बेवड. हरभऱ्याचा बेवड चांगला, भुईमुगाचा चांगला, तागाचा तर फारच चांगला. हे आपल्या आजोबा-पणजोबांना पक्कं ठाऊक होतं. का चांगला, हे मात्र जगात कोणालाच १८८६ पर्यंत नीट सांगता येत नव्हतं.

आज शाळेतल्या मुलालाही त्याचं कारण सांगता येतं. शेंगवर्गीय झाडाच्या मुळांवर बारीक गाठी येतात, त्या गाठींत जिवाणू राहतात आणि ते हवेतला नत्र पकडून झाडाला देतात. झाड त्या बदल्यात त्यांना साखर देतं. कृषी सेवा केंद्रात मिळणारं रायझोबियमचं पाकीट, ते गुळाच्या पाण्यात कालवून बियाण्याला चोळायचं, दहा किलो बियाण्याला पाव किलो, हे सगळं आता आपल्या अंगवळणी पडलं आहे. पण हा संसार तसा नाजूक आहे. जमीन कोमट हवी, फार आंबट नको. म्हणजे ज्याला आपण सामू म्हणतो, तो पाच-साडेपाचाच्या खाली गेला, की गाठी धरेनाशा होतात. मग ज्या देशात वर्षातले सहा-सात महिने जमीन गोठलेली असते आणि उरलेल्या दिवसांतही ती आंबटच असते, तिथे काय होत असेल? अशा एका देशाने या गाठींवर आपला दूधधंदा उभा केला. त्या देशाची आणि तिथल्या एका हट्टी रसायनशास्त्रज्ञाची ही गोष्ट आहे. देश फिनलंड. माणूस आर्टुरी इल्मारी विर्तानेन.

आधी जमिनीबद्दल. फिनलंडचा नकाशा पाहिला तर निम्मा कागद तळ्यांनी भरलेला दिसतो. हिमयुगात तिथे हजारो वर्षं बर्फाचा प्रचंड थर होता. तो वितळला आणि ओझं उतरलेल्या खाटेसारखी जमीन वर येऊ लागली. अजूनही ती येते आहे. पश्चिम किनाऱ्यावर काही ठिकाणी वर्षाला आठ-नऊ मिलिमीटर इतकी. म्हणजे समुद्र मागे हटतो आणि शेतकऱ्याला फुकटात नवी जमीन मिळते. ऐकायला हे छान वाटतं. पण समुद्राच्या तळाच्या त्या चिकणमातीत गंधकाची संयुगं साठलेली असतात. चर खणून पाणी काढलं, मातीला हवा लागली, की त्या गंधकाचं आम्ल होतं आणि सामू चारच्याही खाली जातो. दुसरीकडे जंगलाची जमीन. सूचिपर्णी झाडांचा पाला कुजतो तोही आंबट. आणि तिसरीकडे दलदल. देशाचा जवळजवळ एक तृतीयांश भाग मुळात दलदलीचा, अर्धवट कुजलेल्या शेवाळाच्या थरांचा. याला पीट म्हणतात. हा पीट स्पंजासारखा पाणी धरतो, वसंतात उशिरापर्यंत आत बर्फ धरून ठेवतो आणि तोही आंबट.

अशा जमिनीवर जुन्या काळी शेती कशी होत असे? जंगल तोडायचं, वाळवायचं, जाळायचं आणि राखेत राय नावाचं धान्य पेरायचं. कोकणातल्या माणसाला राब भाजणं म्हणजे काय ते माहीत आहे. फरक इतकाच, की तिथे अख्खं जंगलच राबात जायचं. राखेने आम्ल मारलं जायचं, दोन-चार पिकं निघायची, मग माणूस पुढच्या जंगलाकडे. ही पद्धत लोकसंख्या थोडी असेपर्यंत चालली.

१८६७ साली ती किती कच्च्या पायावर उभी होती ते कळलं. त्या वर्षी वसंत आलाच नाही म्हणावं लागेल. मे महिन्यात हेलसिंकीचं सरासरी तापमान जेमतेम दोन अंशांच्या आसपास राहिलं, पेरण्या लांबल्या, आणि सप्टेंबरच्या सुरुवातीलाच कडाक्याचं हिव पडून उभी पिकं करपली. आधीची वर्षंही वाईटच गेली होती. लोकांनी पाइनच्या झाडाच्या आतल्या सालीचं पीठ करून त्याच्या भाकरी केल्या. १८६६ ते १८६८ या दुष्काळात सुमारे दीड लाख माणसं दगावली, उपासमारीने आणि तिच्यामागून आलेल्या तापाने. त्या वेळच्या लोकसंख्येच्या आठ टक्क्यांच्या घरात हा आकडा जातो. युरोपातला शांततेच्या काळातला हा शेवटच्या मोठ्या दुष्काळांपैकी एक. आपल्याकडे त्यानंतर दहाच वर्षांनी, १८७६ ते १८७८ मध्ये दख्खनचा मोठा दुष्काळ पडला. एकीकडे पाऊस नव्हता, दुसरीकडे ऊन नव्हतं, एवढाच काय तो फरक.

त्यानंतर फिनलंडचा शेतकरी हळूहळू धान्याकडून गाईकडे वळला. धान्य हिवाने मरतं, गवत मरत नाही. शिवाय रशियातून आणि अमेरिकेतून स्वस्त धान्य येऊ लागलं होतं. लोणी मात्र सेंट पीटर्सबर्गला आणि पुढे इंग्लंडला चांगल्या भावाने खपत होतं. १८९९ मध्ये पेलेर्वो नावाची संस्था निघाली आणि तिने खेडोपाडी सहकाराचा प्रसार केला. १९०५ मध्ये सतरा सहकारी दुग्धसंस्थांनी एकत्र येऊन लोणी निर्यात करायला ‘वालिओ’ हा संघ काढला. कोल्हापूर-सांगलीकडच्या वाचकांना यापुढचं सांगायची गरज नाही. सहकारी दूध संघ एकदा उभा राहिला की गावाचं गणित कसं बदलतं, ते त्यांनी घरातच पाहिलं आहे.

पण गाईला खायला काय? तिथे गाय वर्षातले आठ महिने गोठ्यात. उन्हाळ्यात कापलेलं गवत वाळवून ठेवायचं आणि हिवाळाभर घालायचं. वाळताना पाऊस लागला, की त्यातली प्रथिनं आणि जीवनसत्त्वं धुपून जायची. हिवाळ्यातलं लोणी पांढरंफटक निघायचं. दूध वाढवायचं तर पेंड परदेशातून आणा, गवत वाढवायचं तर चिलीचं सोरा खत परदेशातून आणा. म्हणजे लोणी विकून आलेला पैसा पेंडीत आणि खतात जाणार. १९१७ मध्ये फिनलंड रशियापासून स्वतंत्र झाला आणि पुढच्याच वर्षी तिथे यादवी झाली. रशियाकडून येणारं धान्य तुटलं, खाण्याचे हाल झाले. परदेशाच्या दारावर अवलंबून राहिलं की काय होतं, हे त्या पिढीने कोवळ्या वयात पाहिलं. विर्तानेन तेव्हा तेवीस वर्षांचे होते.

आता जरा मागे जाऊन गाठींकडे वळू या, कारण त्यांचा शोध हा विज्ञानातला एक फार गमतीदार प्रकार आहे. फ्रान्सच्या बुसँगो यांनी १८३० च्या दशकात दाखवलं होतं, की क्लोव्हर आणि वाटाणा नत्र कुठून तरी कमावतात, गहू कमावत नाही. पण ‘कुठून’ हा प्रश्न राहिला. तो कायमचा सोडवायचा म्हणून इंग्लंडमध्ये रॉदमस्टेडला लॉज, गिल्बर्ट आणि एव्हन प्यू या तिघांनी १८५७-५८ मध्ये अत्यंत काटेकोर प्रयोग केले. मातीत चुकूनही नत्राचा अंश राहू नये म्हणून त्यांनी ती भाजून काढली. येणारी हवा धुऊन घेतली. आणि निष्कर्ष निघाला, की कुठलंही झाड हवेतला नत्र घेत नाही! माती भाजली तेव्हा जिवाणू मेले होते. प्रयोग जितका स्वच्छ, तितका निष्कर्ष खोटा. कमी काळजी घेतली असती तर कदाचित खरं उत्तर हाती लागलं असतं. जर्मनीत हेलरीगेल आणि विलफार्थ यांनी १८८६ मध्ये ती गाठ सोडवली. भाजलेल्या वाळूत वाटाणा उपाशी राहतो, पण त्यावर साध्या शेतातल्या मातीचं पाणी शिंपडलं की त्याला गाठी येतात आणि तो तरारतो, हे त्यांनी दाखवलं. दोन वर्षांनी हॉलंडच्या बायेरिंक यांनी गाठीतला जिवाणू वेगळा करून वाढवला. १८९६ मध्ये जर्मनीतच जिवाणू खताचं पहिलं पेटंट झालं, ‘नायट्राजिन’ नावाचं. आपल्या रायझोबियमच्या पाकिटाचे पणजोबाच म्हणा ना.

विर्तानेन १८९५ साली हेलसिंकीत जन्मले. शाळा वीपुरी या पूर्वेकडच्या गावात. पुढे रसायनशास्त्र, मग झुरिक, स्टॉकहोम. स्टॉकहोमला त्यांनी जिवाणूशास्त्र शिकून घेतलं आणि पुढे नोबेल मिळवणाऱ्या ऑयलर यांच्याकडे किण्वनाचा अभ्यास केला. एवढं शिकलेला माणूस कुठे गेला? एका दूध संघाच्या प्रयोगशाळेत! १९२१ पासून ते वालिओच्या प्रयोगशाळेचे प्रमुख होते आणि पुढच्या काळात विद्यापीठात प्राध्यापक झाले तरी लोण्या-चिजाचं नातं त्यांनी सोडलं नाही. मला या गोष्टीतला हा भाग फार महत्त्वाचा वाटतो. प्रश्न त्यांच्याकडे पुस्तकातून आले नाहीत, गोठ्यातून आले. लोणी साठवणीत खवट का होतं, इथून सुरुवात झाली. लोण्यातलं आम्ल कमी केलं तर ते टिकतं, हे त्यांनी शोधलं आणि त्यासाठी एक क्षार काढला. मग चीज का बिघडतं? तर वाईट मुरलेल्या चाऱ्यातून ब्युटिरिक आम्ल तयार करणारे जिवाणू शेणामार्फत दुधात येतात म्हणून. म्हणजे चारा सुधारायला हवा. चारा प्रथिनयुक्त हवा असेल तर तांबडा क्लोव्हर हवा. आणि क्लोव्हर हवा असेल तर त्याच्या मुळावरची गाठ समजून घ्यायला हवी. लोण्याच्या डब्यापासून निघालेला माणूस असा मुळापर्यंत पोचला.

तांबडा क्लोव्हरच का? आपल्याकडे लसूणघास म्हणून जो चारा माहीत आहे, तो प्रथिनात सरस. पण लसूणघासाचा जिवाणू आम्लाच्या बाबतीत फार हळवा असतो. आंबट जमिनीत तो तगच धरत नाही. क्लोव्हरचा जिवाणू त्या मानाने चिवट. तरीही मर्यादा आहेच. आम्ल वाढलं की मातीतलं अॅल्युमिनियम विरघळून मुळांना बाधतं, कॅल्शियम कमी पडतं, आणि मुळावरच्या केसाला वळसा घालून जिवाणूने आत शिरण्याची जी पहिली पायरी असते, तीच चुकते. रोप उभं दिसतं, पिवळं पडतं, उपटून पाहिलं तर मुळं बोडकी. उपाय एकच, चुनखडी. पीटच्या शेतात चिकणमाती आणि चुना मिसळणं हे तिथल्या कित्येक पिढ्यांचं हिवाळी काम होतं. गोठलेल्या वाटेवरून घसरगाडीने माती ओढता येते ना, म्हणून हिवाळी.

थंडीचा त्रास वेगळाच. एकदा गाठ तयार झाली की ती बऱ्यापैकी थंडीतही काम करते. पण गाठ तयार व्हायला ऊब लागते. जमीन दहा अंशांच्या खाली असली की हे काम रेंगाळतं, आणि जिथे सगळा मोसमच चार महिन्यांचा तिथे तीन आठवड्यांचा उशीर म्हणजे फार झाला. शिवाय बर्फाखाली क्लोव्हरला बुरशी लागून तो कुजतो, जमीन गोठून फुगते तेव्हा मुळं तुटतात. म्हणून तिथले शेतकरी क्लोव्हर एकटा पेरत नाहीत, तिमथी गवतासोबत पेरतात. क्लोव्हर दोन-तीन वर्षांत विरळ होतो, तिमथी त्याची जागा घेतं, आणि क्लोव्हरने मागे ठेवलेल्या नत्रावर पोसलं जातं. बेवडच तो!

आता एवढं करून कमावलेली प्रथिनं हिवाळ्यापर्यंत न्यायची कशी? आपल्याकडे मक्याचा मुरघास करतात. मक्यात साखर भरपूर, त्यामुळे आपोआप आंबून सामू उतरतो आणि चारा टिकतो. क्लोव्हरचं उलट. साखर कमी, प्रथिनं जास्त, आणि आम्लाला दाद न देण्याचा गुण. त्याचा मुरघास नीट आंबत नाही, नासतो, घाण वास सुटतो. त्यात प्रथिनं कुजून जातात. म्हणजे जिवाणूने हवेतून उचलून आणलेला नत्र पुन्हा हवेत! विर्तानेन यांनी ठरवलं, आंबायची वाटच पाहायची नाही. चारा टाकीत भरतानाच त्यावर मीठ-आम्ल आणि गंधकाम्ल यांचं पातळ मिश्रण शिंपडायचं आणि सामू एकदम चारच्या खाली आणायचा. त्या सामूला पानांचं श्वसन थांबतं, नासवणारे जिवाणू थांबतात, प्रथिनं जशीच्या तशी राहतात. १९२८ साली ही पद्धत तयार झाली. त्यांच्या नावाच्या आद्याक्षरांवरून तिला ए. आय. व्ही. चारा म्हणू लागले.

गोठ्यात आम्ल न्यायचं म्हणजे लोकांना धसका बसणारच. हात पोळायची भीती, कपड्यांना भोकं पडायची भीती, आणि गाईच्या पोटाचं काय? विर्तानेन यांनी चाऱ्यासोबत गाईला थोडी खडूची भुकटी द्यायला सांगितली, वर्षानुवर्षं कळप या चाऱ्यावर ठेवून दाखवला. हिवाळ्यातलं लोणी पिवळं निघू लागलं, कारण हिरव्या चाऱ्यातलं कॅरोटीन शाबूत राहिलं. शेतकऱ्याला याहून मोठा पुरावा लागत नाही. १९३३ मध्ये त्यांनी हेलसिंकीजवळ सिपू इथे स्वतःचं शेत घेतलं आणि आपले सिद्धांत तिथे पिकवून पाहायला लागले. आपल्याकडे शास्त्रज्ञाने स्वतःचे पैसे घालून स्वतःच्या शिफारशी स्वतःच्या रानात वापराव्यात, असा नियम केला तर किती शिफारशी उरतील, हा विचार मनात येतो तो येतोच.

१९३९ च्या नोव्हेंबरात सोव्हिएत फौजा फिनलंडमध्ये शिरल्या. पुढची पाच वर्षं लढाईत गेली. खत आणि पेंड बाहेरून येणं जवळजवळ थांबलं. अशा वेळी हवेतला नत्र आणि टाकीतला क्लोव्हर ही काय चीज आहे ते लोकांना कळलं. १९४५ मध्ये विर्तानेन यांना रसायनशास्त्राचं नोबेल मिळालं, शेती आणि पोषण यांच्या रसायनशास्त्रातल्या कामासाठी आणि विशेषतः चारा टिकवण्याच्या पद्धतीसाठी. युरोप उपाशी होता, त्या वर्षी चाऱ्याला नोबेल मिळालं, यात मला तरी काही आश्चर्य वाटत नाही. नोबेलच्या व्याख्यानाचं त्यांनी जे शीर्षक ठेवलं, त्यात मात्र नत्राचं जैविक स्थिरीकरण आधी आणि चारा नंतर होता.

त्याच सुमारास त्यांच्या प्रयोगशाळेत गाठीचा रंग तपासला जात होता. चांगली गाठ कापली तर आत गुलाबी-लाल दिसते, हे आपल्याकडचे कृषी सहायकही दाखवतात. पांढरी किंवा हिरवी असेल तर ती निकामी. हा लाल रंग म्हणजे आपल्या रक्तातल्या हिमोग्लोबिनचाच भाऊबंद, हे जपानच्या कुबो यांनी १९३९ मध्ये ओळखलं होतं. विर्तानेन यांनी या रंगाचा आणि नत्र पकडण्याचा थेट संबंध दाखवला आणि त्याला लेगहिमोग्लोबिन हे नाव त्यांच्याकडून मिळालं. नत्र पकडणाऱ्या विकराला प्राणवायू सोसत नाही, पण जिवाणूला तर श्वास घ्यायचा असतो. तेव्हा प्राणवायू मोजून-मापून, हातोहात पोचवण्याचं काम हा लाल पदार्थ करतो. आता अमेरिकेत एक कंपनी सोयाबीनचं हेच द्रव्य यीस्टमध्ये बनवून शाकाहारी बर्गरला मांसाची चव आणते. हरभऱ्याच्या मुळात रक्तासारखं काही असतं, हे काही सोवळ्या घरांत सांगायची सोय नाही!

सगळंच काही त्यांचं बरोबर निघालं, असं मात्र नाही. हवेतल्या नत्रापासून आधी हायड्रॉक्सिलअमाइन बनतं आणि त्यातून प्रथिनांचे घटक, असं त्यांचं ठाम मत होतं. अमेरिकेत विस्कॉन्सिनला विल्सन आणि बरिस यांनी १९४० च्या दशकात जड नत्राचा माग काढून दाखवलं, की बनतो तो अमोनिया. दुसरा वाद जास्त रंगला. विर्तानेन म्हणत, की शेंगवर्गीय झाड आपल्या मुळांतून नत्र बाहेर स्रवतं आणि शेजारच्या गवताला जिवंतपणीच देतं. त्यांच्या कुंड्यांत वाटाण्याशेजारी ओट पोसला जात होता. इंग्लंड-अमेरिकेत तोच प्रयोग केला की कधी जमायचा, बहुतेकदा जमायचा नाही. खोटं कोण बोलतंय? कोणीच नाही. विल्सन यांचं म्हणणं पडलं, की हवामानावर ते अवलंबून आहे. उन्हाळ्यात लांबलचक दिवस आणि गार हवा असली की झाडातलं साखर आणि नत्र यांचं गणित वेगळं बसतं, आणि तेव्हाच स्राव होतो. म्हणजे जो निसर्गनियम वाटत होता तो बऱ्याच अंशी फिनलंडचा स्थानिक अनुभव होता. आज आपल्याला माहीत आहे, की शेजाऱ्याला मिळणारा बहुतेक नत्र मुळं आणि गाठी कुजून मिळतो, थोडा स्रावातून, थोडा बुरशीच्या धाग्यांवाटे. शास्त्रज्ञही आपल्या मातीचाच असतो, असं वाटतं. तिथल्या जमिनीने त्यांना दाखवलं ते त्यांनी सगळ्या जगाला लागू केलं.

युद्धानंतर फिनलंडने पूर्वेचा कारेलिया प्रांत गमावला. त्यात विर्तानेन यांच्या शाळेचं वीपुरीही गेलं. चार लाखांहून जास्त माणसं विस्थापित होऊन उरलेल्या देशात आली. १९४५ च्या कायद्याने त्यांना आणि सैनिकांना जमिनी वाटल्या गेल्या. ज्यांच्या वाट्याला घर नाही, शेत नाही, नुसतं जंगल किंवा दलदल आली, त्या तुकड्यांना फिनिश भाषेत ‘थंड शेतं’ म्हणत. धरणग्रस्तांना पुनर्वसनात कसली जमीन मिळते, ते आपल्याकडे ज्यांनी पाहिलंय त्यांना त्या दोन शब्दांचा अर्थ नेमका कळेल. झाडं तोडायची, खोडं उपटायची, चर काढायचे, चुना टाकायचा, मग तिमथी-क्लोव्हर. नव्या पीटमध्ये क्लोव्हरचे जिवाणूही नसायचे. जिवाणूंची बाटली मिळण्याच्या आधीच्या काळात, जर्मनीतल्या अशाच जमिनींवर १८८० च्या दशकाच्या अखेरीला, जुन्या शेतातली माती गाडीभर आणून नव्या शेतात विखुरण्याची युक्ती वापरली गेली होती. विरजण लावण्यासारखं.

पण आता काळ बदलला. १९५० च्या दशकाच्या सुरुवातीला औलू शहरात सरकारी नत्रखताचा कारखाना सुरू झाला. खत स्वस्त झालं. पोतं फोडलं, पसरलं, गवत हिरवंगार. क्लोव्हरचे नखरे कोण सांभाळणार? शेतांतला क्लोव्हर घटत गेला. आणि दूध इतकं झालं, लोणी इतकं झालं, की १९६९ मध्ये सरकारने शेतकऱ्यांना शेत पडीक ठेवायचे पैसे द्यायला सुरुवात केली. दलदलीतून शेत काढलेली माणसं वीस-पंचवीस वर्षांत ते शेत बंद करण्याच्या कागदावर सही करत होती. काहींनी त्या शेतांत पुन्हा झाडं लावली.

गंमत बघा, खुद्द विर्तानेन यांनीही उतारवयात वेगळीच वाट धरली. १९५८ पासून त्यांनी काही गाईंना प्रथिन नसलेला आहार दिला. शुद्ध सेल्युलोज, स्टार्च, साखर, आणि नत्रासाठी युरिया आणि अमोनियाचे क्षार. गाईच्या कोठीपोटातले जिवाणू त्यातून स्वतः प्रथिनं बनवतात आणि गाय ती पचवते. अशा गाईंनी वर्षाला चार हजार किलोच्या पुढे दूध दिलं. १९६६ मध्ये ‘सायन्स’मध्ये हे प्रसिद्ध झालं. आपल्याकडे गव्हाच्या काडावर युरियाची प्रक्रिया करून जनावरांना देतात, त्यामागचं तत्त्व हेच. क्लोव्हरच्या बाजूने आयुष्यभर भांडलेल्या माणसाने शेवटी गाईपुढे कारखान्यातला नत्र ठेवला, हे काहींना विसंगत वाटतं. मला नाही वाटत. त्यांचा प्रश्न पहिल्यापासून एकच होता, बाहेरची पेंड न आणता दूध कसं काढायचं. १९७३ च्या नोव्हेंबरात ते वारले. नेमक्या त्याच हिवाळ्यात जगभर तेलाच्या किमती भडकल्या आणि त्यामागोमाग खताच्या.

मग लोक पुन्हा गाठींकडे वळले. स्वीडनमध्ये १९७१ मध्येच दिसून आलं होतं, की स्कँडिनेव्हियाच्या उत्तर टोकाकडचे क्लोव्हरचे जिवाणू थंड मातीत दक्षिणेकडच्यांपेक्षा लवकर गाठी धरतात. म्हणजे जिवाणूही गावोगावचे असतात. कॅनडात उत्तर ध्रुवाजवळच्या रानटी शेंगवर्गीय झाडांवरचे जिवाणू गोळा करून ते चाऱ्याच्या पिकाला चालतात का, हे तपासलं गेलं. फिनलंडमध्ये गॅलेगा नावाचं एक झाड आलं. मूळ कॉकेशसचं, एकदा लावलं की दहा वर्षांहून जास्त टिकणारं, बर्फाला न भिणारं. एस्टोनियात त्याचं वाण तयार झालं होतं. पण फिनलंडच्या मातीत त्याला गाठीच येईनात. त्याचा जिवाणू दुसरा कुठलाच चालत नाही, आणि तो तिथे नव्हताच. हेलसिंकी विद्यापीठाच्या क्रिस्टिना लिंडस्ट्रॉम यांनी १९८९ मध्ये ती एक नवीनच जात असल्याचं दाखवलं आणि तिला रायझोबियम गॅलेगी हे नाव दिलं. २०१४ मध्ये तिचं कुळही बदललं, आता ती निओरायझोबियम. या गॅलेगाची एक बहीण आहे, युरोपातली जुनी औषधी वनस्पती. तिच्यातल्या एका द्रव्याच्या अभ्यासातून मधुमेहावरची मेटफॉर्मिनची गोळी निघाली. आज हे वाचणाऱ्यांपैकी बऱ्याच जणांनी ती सकाळच्या नाश्त्याबरोबर घेतली असेल. दोघी बहिणी, पण एकीचे जिवाणू दुसरीला चालत नाहीत! गाठी येतात, काम होत नाही.

२०२२ मध्ये रशियाने युक्रेनवर हल्ला केला आणि युरोपात नत्रखताचे भाव पुन्हा गगनाला भिडले. क्लोव्हरचं बियाणं मिश्रणात किती टक्के घालावं, या जुन्या प्रश्नाला पुन्हा भाव आला. फिनलंडच्या जुन्या रानांत तांबड्या क्लोव्हरला जिवाणू चोळण्याची सहसा गरज पडत नाही, ते कित्येक पिढ्यांपासून मातीतच आहेत. गॅलेगा पेरायचा असेल तर मात्र पाकीट आणावं लागतं, आणि त्याआधी जमिनीला चुना द्यावा लागतो.